सलाइनच्या स्टँडला कावीळ

गुरुवारी सकाळी सात वाजताच तलावाच्या पाळीवर दोनशे माणूस रांगेत होतं. मोहाच्या झाडाखाली देवाजी महाराज बसलेले आणि पुढ्यात ओल्या काड्यांच्या माळांची टोपली. डोळे पिवळे झालेला माणूस पुढे सरकला, की महाराज त्याच्या डोक्यावर माळ चढवत, अगदी घट्ट, टोपीसारखी. ही माळ दिवसागणिक वाढते, गळ्यात उतरते, मग छातीवर, मग बेंबीखाली. बेंबी ओलांडली, की कावीळ गेली. गळालेली माळ कुणाला न दाखवता लगेच तलावात सोडायची. कुणी बघितली तर आजार परत येतो म्हणे. किती सोय!

"माळ कावीळ खाते आन् वाढते," महाराज सांगत होते. "लेकरू खाल्ल्यावर वाढत नाई का? तसंच. पण सुई टोचली, गोळी घेतली, तर माळ उपाशी मरते. मंग मले बोल लावू नका."

दोनशे माना हलल्या. माझं डोकंच फिरलं, कारण रांगेत आमची पेशंट दिव्यानी उभी होती.

मी रीता. भद्रावतीच्या ऑर्डनन्स कॉलनीत वाढलेली, नागपूरला समाजकार्य शिकणारी. २००३ चा उन्हाळा, गडचिरोली जिल्ह्यातलं ढिवरांचं, म्हणजे मासेमारांचं गाव, तिथल्या एका संस्थेच्या दवाखान्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप. तिचे शेवटचे पाच दिवस उरले होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, नर्स इंदुताई आणि मंगळवारी येणारे डॉक्टर. तलाव आटून तळाला गेला होता, लोक तेच गढूळ पाणी पीत होते आणि घरोघरी कावीळ होती.

दिव्यानीला सातवा महिना होता. डॉक्टरांनी मंगळवारीच सांगितलं होतं, पोटुशी बाईची कावीळ साधी समजू नका, हिला ताबडतोब जिल्ह्याच्या दवाखान्यात न्या. नवरा निकेश तेंदूपत्त्याच्या कामाला एटापल्लीकडे गेलेला. घरात सासरा इस्तारी, जाळी विणणारा अबोल माणूस. तो हो म्हणाला, कपडे बांधतो म्हणाला आणि गुरुवारी सुनेला घेऊन पाळीवर गेला.

मग मी रोज त्यांच्या अंगणात जाऊन डोकं आपटलं. आपोआप बरी होणारी कावीळ कशी असते आणि जीव घेणारी कशी, हे चित्रं काढून समजावलं. इंदुताई तर पाया पडल्या. इस्तारीभाऊ जाळ्याची गाठ मारत खाली मान घालून ऐकायचे. शेजारच्या सोनीबाई दिव्यानीच्या गळ्याकडे बोट दाखवायच्या, म्हणायच्या, मॅडम, माळ उतरून राह्यली ना, दिसत नाई का? आणि माळ खरंच उतरत होती! शुक्रवारी गळ्यात, शनिवारी छातीवर. दिसणाऱ्या माळेपुढे माझ्या न दिसणाऱ्या जंतूंचं कोण ऐकतो? मीठ बंद, तेल बंद, पोरगी दोन घोट पेज प्यायची आणि ओकायची. मला रात्रंदिवस रडू यायचं, कारण काय होणार ते ठाऊक होतं आणि हातात काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी इस्तारीभाऊ एकटेच दवाखान्यात आले. मागच्या कुंपणाजवळ घेटुळी माजली होती, महाराजांच्या माळेतलीच वनस्पती. तिच्या ओल्या काड्या त्यांनी बोटाच्या पेराएवढ्या कापल्या, जाळ्याच्या दोऱ्यात एकेक अडकवून माळ केली आणि व्हरांड्यातल्या स्टँडवर टांगलेल्या सलाइनच्या रिकाम्या बाटलीभोवती घट्ट बसवली. कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाहू द्या." अन् निघून गेले.

सोमवारी माझा निरोप होता. इंदुताईंनी पोहे केले होते, हातात नारळ दिला होता. एवढ्यात इस्तारीभाऊ धापा टाकत आले. दिव्यानी सकाळपासून बरळत होती, तिने त्यांना ओळखलं नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर स्टँडवर गेली. माळ बाटलीवरून घसरून खाली, स्टँडच्या पायाशी पडली होती. त्यांनी ती उचलून ताणली. चांगली हातभर वाढली होती.

"स्टँडले कावीळ झाली होती का, बाई?" ते म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत दिव्यानीला घेऊन संस्थेची जीप जिल्ह्याच्या दवाखान्याकडे निघाली.

वाटेत त्यांनी सगळं समजावलं. ओल्या काडीभोवती दोऱ्याचे सैल वेढे घालायचे, काड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या. मे महिन्याच्या उन्हात काडी वाळते, बारीक होते, वेढा ढिला पडतो, दोरा सुटतो आणि माळ लांबते. कावीळ असो नसो.

"गाठ मी पयल्याच दिवशी ओळखलो होतो," दिव्यानीचं डोकं मांडीवर घेऊन ते म्हणाले. "जलमभर तीच घालून राह्यलो ना. पण वाटलं, देवाच्या माणसाची गाठ आपल्या गाठीसारखी कशी असल? माह्याच हातावर मले भरोसा नाई राह्यला."



बाळ त्याच रात्री गेलं, दिव्यानी बुधवारी. आधीच्या मंगळवारी आणली असती तर वाचलीच असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले नाहीत. तेव्हा हातात काहीतरी होतं, एवढंच म्हणाले.

महिनाभराने इंदुताईंचं पत्र आलं. गावात म्हणतात, सलाइनची सुई लागली म्हणूनच पोरगी गेली. गुरुवारची रांग तशीच आहे, उलट वाढली आहे. फक्त रांगेच्या सुरुवातीला इस्तारीभाऊंनी एक बांबू रोवला आहे. दर गुरुवारी ते त्याला ओल्या काड्यांची माळ घट्ट घालतात आणि शेजारी जाळं विणत, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गाठ समजावत बसतात. दुसऱ्या दिवशी माळ खाली उतरते आणि पुढच्या गुरुवारच्या रांगेपर्यंत तशीच राहते. लोक बघतात, हसतात, पुढे जातात. एक बाई मात्र परवा थांबली, बांबूकडे बघत राहिली आणि पोराला घेऊन दवाखान्यात आली.

एक आली. बाकीच्यांना मी इथूनच हात जोडून सांगते, महाराजांकडे जायचंच असेल तर जा, पण आधी त्या बांबूजवळ एक दिवस थांबा. आणि आपल्या हाताला जे कळलं आहे, ते गप्प बसून गिळू नका, तिथल्या तिथे मोठ्याने बोला. इस्तारीभाऊ आता दर गुरुवारी बोलतात. ऐकायला दिव्यानी नाही.