डिंगोऱ्याची निळी गाडी

डोकं फिरलंय माझं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हर्षाली उगाच आवाज चढवते.

पाच महिने झाले, मी एक जुनी मोटारसायकल शोधतेय. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, पुढे झुकून बसायची असते ना, तसली. महाळुंगे पडवळहून चाकणला कारखान्यात रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर होतात, आणि माझी दीडशे सीसीची गाडी हायवेला ट्रकला ओव्हरटेक करायचं म्हटलं की नुसती धापा टाकते. शिवाय खोटं कशाला बोलू, मला मजाही करायचीये. रविवारी सकाळी उठून माळशेजला जायचं, भजी खायची आणि परत यायचं. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी. यात कुणाला काही अडचण असायचं कारणच काय?

पण होती. नारायणगावच्या एकानं फोनवर सांगितलं, डॉक्टरची गाडी आहे, नुसती उभी असते. जाऊन बघते तर टाकीखाली फ्रेमला वेल्डिंग, म्हणजे कुठंतरी जोरात आपटलेली. मंचरच्या एकानं तर मला वर-खाली बघून विचारलं, "मिस्टर नाही आले, ताई?" पैसे माझे, लायसन्स माझं, पाय जमिनीला टेकणार तेही माझेच, आणि ह्याला मिस्टर पाहिजेत! माझं लग्न झालेलं नाही हे त्याला सांगायचीही मला इच्छा झाली नाही.

कारखान्यात मी क्वालिटीला आहे. पार्टला केसाएवढी चीर दिसली तरी मी लाइन थांबवते, मग सुपरवायझर कितीही नाचू दे. घरी मात्र आईची अट होती. "मामाच्या नजरेखालनं गेल्याशिवाय गाडी दारात आणायची न्हाई." मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ, धर्माजीमामा. बैलगाडा शर्यतीचे बैल घेण्या-विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमच्याकडे कुणाला घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळवायला बैल घ्यायचा असला की आधी त्यांना बोलावणं जातं. गाडीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण हे आईला कोण सांगणार?

तर ओतूरपुढच्या डिंगोरे गावातली ही गाडी कळली तेव्हा रविवारी मी मामांना मागे बसवून निघाले. ओतूरच्या पुढे त्यांनी मला थांबायला लावलं आणि धडा दिला.

"ध्यानात ठेव. जनावर आवडलं हे मालकाला कळू द्यायचं न्हाई. त्याच्यापुढं तू तोंड उघडायचं न्हाई. मी नावं ठेवनार, मग आपुन चालू पडायचं. फाटकापतूर जाईस्तोवर तो हाक मारतोय बघ. न्हाई मारली तर चार दिसात फोन येतोय."

"मामा, गाडी आहे ती. बैल नाही."

"इकनारा तर मानूसच हाय ना?"

मी गाडीला किक मारली.

गाडीचा मालक ज्ञानेश्वर बँकेत कारकून होता. मणक्याचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी झुकून बसायची गाडी बंद करायला सांगितली, म्हणून विकत होता. मी आदल्या दिवशी त्याला म्हटलं होतं, मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. लोक आधीच गरम करून ठेवतात, मग थंड इंजिनाची खोड कळत नाही. मी इंजिनाला हात लावला, गार होतं. बटण दाबलं तर पहिल्याच फटक्यात चालू. पुढच्या शॉकअपला तेलाचा टिपूस नाही. चेन साफ, टायर मागच्याच वर्षीचे, आणि सर्व्हिसची पावती न् पावती प्लास्टिकच्या पिशवीत लावलेली. आईशप्पथ, पाच महिन्यांत असं काही बघितलं नव्हतं.

मी तिला माळशेजच्या रस्त्याला पाच किलोमीटर नेली. तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी सरळ निघाली की मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले. वळणावर मी फक्त वळणाकडे बघितलं आणि गाडी तिकडे गेली. परत येऊन उतरले तरी माझा हात टाकीवरच होता. मी तो काढून खिशात घातला आणि तोंड कोरं केलं.

मग मामा सुटले. टायरला लाथ मारली. मागची सीट दाबून म्हणाले, "पाठ उचललेली हाय, मानूस बसल्यावर टिकंल का?" मग विचारलं, "पेट्रोल किती खाती?"

"लिटरला बावीस देते, काका."

"बावीस! एवढ्यात बैलजोडी पोसून व्हती. आन् रंग ह्यो असला निळाशार. पोरीच्या जातीला काय करायचीये? अडीच लाखाला देत असशील तर बघ, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

तो मागत होता साडेतीन. त्याची बायको, रत्ना, दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ज्ञानेश्वरचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. ज्या माणसानं दर रविवारी ती गाडी हातानं पुसली, त्याच्या तोंडावर मामा तिला भंगार म्हणत होते. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्हाला कशी वाटली?"

मामा खाकरले.

"बघू," मी म्हणाले.

बघू! अगं बये, काय बघू? बघून झालं होतं, चालवून झालं होतं, माळशेजची भजीही मनातल्या मनात खाऊन झाली होती.

आम्ही फाटकाबाहेर आलो. कुणी हाक मारली नाही. मामा म्हणाले, "भाव खातोय. बिस्तरवारपतूर फोन येतोय बघ."

सोमवार गेला, मंगळवार गेला. शिफ्टमध्ये फोन लॉकरला ठेवायला लागतो, तर मी जेवणाच्या सुट्टीत हात न धुता आधी फोन बघायचे. आईचे मिस्ड कॉल, गॅसवाल्याचे मेसेज, पण डिंगोऱ्याचं नाव नाही. मामांचा बिस्तरवार, म्हणजे गुरुवार, उजाडला आणि मला राहवेना. मी स्वतःच फोन लावला आणि म्हटलं, मला तुमच्याच किमतीला गाडी पाहिजे, उद्या येते.

"गाडी काल गेली, ताई," ज्ञानेश्वर म्हणाला. "ओतूरचे एकजण आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, काय भारी ठेवलीय राव. बरं वाटलं. देऊन टाकली."

"अहो, पण मलाही आवडली होती!"

"माहितीये. तुम्ही गाडीवरनं उतरलात तेव्हाच मला कळलं होतं." मग म्हणाला, "मंगळवारी मी तुम्हाला फोन करणारच होतो. पण आमची रत्ना म्हणाली, जी मामापुढं गाडी आवडली एवढं म्हणू शकत नाही, ती घरच्यांपुढं गाडी चालवणार कशी? नेऊन ताडपत्रीखाली उभी करतील. म्हणून मग नाही केला."

मी फोन ठेवला. त्या रत्नाचा मला असा राग आला म्हणून सांगू! कोण कुठली बाई, दारात उभी राहून माझं माप काढते! पाच वर्षं मी हायवेला एकटी गाडी चालवतेय, पहाटेच्या शिफ्टला जातेय, तिला काय माहीत? तिला तोंडावर सांगायला डिंगोऱ्याला जावं असंही वाटलं. पण जाऊन सांगणार काय होते? तिनं जे बघितलं ते खरंच होतं.

रविवारी सकाळी मामा आमच्या ओट्यावर हजर. "चल, राजुरीला एक हाय म्हनत्यात."

मग मी फुटले. म्हटलं, तुमच्यामुळं माझी गाडी गेली. पाच महिने शोधत होते, एक मिळाली होती, तीही तुमच्या बैलबाजारानं घालवली. मला तोंड उघडू नको म्हणालात, मी उघडलं नाही, आणि गाडी दुसऱ्यानं नेली. आई आतून "हर्षे, हर्षे" करत बाहेर आली.

मामांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुला पसंत व्हती?"

"मग!"

"मग सांगायचं व्हतं की, बाय."

"तुम्हीच बोलू नको म्हणालात ना!"

"मालकापुढं बोलू नको म्हनलो. माझ्यापुढं न्हाई. डिंगोऱ्यापासनं हितवर सव्वा तास मी तुझ्या मागं बसलो व्हतो. तू हूं का चूं केलं न्हाईस. मला वाटलं, पोरीला नगं हाय. सांगितलं असतंस तर त्याच सांजेला माघारी जाऊन विसार दिला असता."

मामा चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. सव्वा तास मी त्यांना मनात शिव्या घालत गाडी चालवली होती. रस्त्यात चहालाही थांबलो होतो. तिथं त्यांनी विचारलं होतं, "कसला इचार करती गं?" आणि मी म्हटलं होतं, "काही नाही."

"कशी व्हती चालवायला?" मामांनी आता विचारलं.

काही उपयोग नव्हता. गाडी ओतूरला कुणाच्या तरी दारात उभी होती. तरी मी ओट्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं, गार इंजिन कसं पहिल्या फटक्यात बोललं, तिसऱ्या गिअरला काय वाटलं, वळणावर काय झालं, मी हेल्मेटच्या आत कशी हसले. सांगता सांगता मला रडू फुटलं, आणि त्याचाही मला रागच आला.