पहिलं ताट

हर्षाने गुड्डीला ओढणीच्या झोळीत निजवलं, झोळीची गाठ ताणकाट्याच्या आकड्यात अडकवली आणि श्वास रोखून काटा थांबायची वाट पाहिली. तीन किलो शंभर. मागच्या सोमवारी होतं तेवढंच. यातून ओढणीचं वजन वजा करायचं राहिलं, हे आठवलं तेव्हा ती आणखीनच घाबरली.

"रोज तोलल्यानं लेकरू वाढत नसते," भिंतीला टेकून बसलेली बेबीबाई म्हणाली. हर्षाची आजेसासू ती, ऐंशी ओलांडलेली. "धान हाय का ते?"

गुड्डी दीड महिन्याची. हर्षाला दूध पुरत नव्हतं आणि डब्याचं दूध पोरगी ओकून टाकायची. आठ दिवसांपूर्वी पलीकडच्या घरची रिता, जिचा बंटी तीन महिन्यांचा होता, ओसरीवर येऊन सरळ म्हणाली होती, "दे इकडं. मले तं उतू चाललं."

हर्षाने गुड्डीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि विचारून बसली होती, तुझ्या तपासण्या झाल्यात का.

"फाइल आणू का?" रिता हसली होती, आणि खरंच आणून पुढ्यात ठेवली होती. सगळे कागद ठीक होते. तरी हर्षा नकोच म्हणाली. एवढी शिकलेली बाई, आणि स्वतःचं एक लेकरू पोसता येऊ नये? हे कुठल्या कागदात तपासणार?

म्हणून आज नव्या तांदळाचं ताट सकाळपासून फडक्याखाली झाकून पडलं होतं. या घरात नवा भात शिजला की पहिलं ताट रिताच्या घरी जायचं. ते गेल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. लग्नाच्या तीन वर्षांत हर्षाने ते दोनदा नेलं होतं. बांधाचा जुना वाद मिटला असेल, त्याचा मान असेल, अशी तिची समजूत. पण आज न्यायचं म्हणजे रिताच्या डोळ्याला डोळा भिडवायचा.

तेवढ्यात चंद्रकला मॅडम आल्या. पवनीच्या कॉलेजात हर्षाला इतिहास शिकवणाऱ्या. साहेबाच्या राज्यात बायका-लेकरांचे संसार कसे चालले, यावर त्या पुस्तक लिहीत होत्या. एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या पत्रांत त्यांना हेच आसगाव सापडलं, सगुणा हे नाव सापडलं, आणि ते नाव आपल्याच घरातलं असल्याचं हर्षाने फोनवर सांगितलं होतं.

"साल एकोणीसशे बारा," मॅडमनी वही उघडली. "मडमेला दूध नव्हतं. म्हणून सगुणाला नेलं. आधी भंडाऱ्याला, मग पचमढीला. दीड वर्ष."

"माया सासऱ्याची माय," बेबीबाई म्हणाली.

"तिचं तान्हं मात्र गावातच राहिलं. मडम लिहिते, त्याची काहीतरी सोय झाली. बस्, पुढे एक अक्षर नाही." मॅडमनी चष्मा काढला. "मी लिहून टाकलंय आजी, ते बाळ गेलं असणार. आईचं दूध दुसरीकडे गेलं, ते कसं जगेल?"

"गेलं?" बेबीबाई ताठ बसली. "मंग माया नवरा का आभाळातून पडला? तेच लेकरू तुलाराम, माया सासरा. पंच्याहत्तर वर्सं जगला, अन् शेवटपर्यंत भाजीत मीठ कमी म्हणून मले बोलत गेला."

मॅडमची पेन्सिल हवेतच राहिली. "मग त्याला पाजलं कुणी?"

"पलीकडच्या घरच्या बाईनं, तवा तिचंही लेकरू अंगावर पीत होतं. रिताच्या सासऱ्याची आजी थे. त्या वक्ताले एकमेकाच्या घरचं पाणी चालत नव्हतं, बाई. दूध चाललं." तिने ताटाकडे हनुवटी केली. "सगुणा वापस आली अन् नव्या धानाचा पहिला भात तिकडं घेऊन गेली. तवापासून जाऊन राहिलं हे."

हर्षा गुड्डीच्या पाठीवरून हात फिरवत होती. हात थांबला.

"आजी, मले काहून नाही सांगितलं?"

"तू कधी इचारलं? ताट नेत होती, तेवढं पुरे होतं."

हर्षा उठली. गुड्डीला तिने खांद्याशी घेतलं आणि दुसरा हात ताटाला लावला. जमेना.

"मॅडम, हे जरा धराल?"

रिता अंगणात तांदूळ पाखडत होती. "आलं का ताट! मले वाटलं, यंदा आमची फाइल पुन्हा पाहूनच धाडते."

 हर्षा पुढे झाली आणि दोन्ही हातांनी गुड्डीला तिच्यासमोर धरलं.

रिताने तिच्याकडे एकदाच पाहिलं. सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले, आणि पोरीला घेऊन दारातच, भिंतीकडे तोंड करून बसली.

"हळू वं माय, हळू. कोणी नेत नाही तुयं."

घोटाघोटाचा आवाज येऊ लागला. मॅडम उंबऱ्याशी ताट धरून उभ्याच होत्या. वही त्या तिकडेच विसरल्या होत्या. हर्षा मोकळ्या हातांनी खाली बसली आणि सुपातले खडे वेचू लागली. तिला ते नीट दिसत नव्हते.

भिंतीपलीकडून बेबीबाई ओरडली, "अवं, पोचलं का ताट? मले भूक लागली!"

हर्षाने मॅडमच्या हातातलं ताट घेऊन उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"पोचलं, आजी. जेवा तुम्ही."