मूळ नमुना

ताईंनी बरणीच्या तोंडावरचं मलमलीचं फडकं बोटभर उचललं आणि चटकन परत दाबून धरलं. आत सातवा पतंग कोषातून बाहेर येऊन पंख वाळवत बसला होता. तो राखाडी होता. आधीचे सहा तपकिरी होते, पंखांवर नागमोडी रेघा असलेले.

"हा राखाडी कुठून आला?" नव्या विभागप्रमुख मॅडमनी मागून डोकावून विचारलं.

"त्याच आईचा. अंडी मी स्वतः ठेवली होती."

संग्रहालयाच्या कीटक विभागात ताईंची एकतीस वर्षं गेली होती. हुद्दा मदतनीसाचा, पण कुठला पतंग कुठल्या खणात हे विचारायला भलेभले त्यांच्याकडेच येत. या कुळातल्या अळ्या वितीवितीनं वाट मोजत चालतात, म्हणून विभागात त्यांना 'मोजणीदार' म्हणत. अळी दचकली की काडीसारखी ताठ उभी राहते. शोधणाऱ्यानं मग कपाळ बडवावं.

पुस्तकात मात्र राखाडी आणि तपकिरी या दोन वेगळ्या जाती होत्या. तपकिरी जुनी, गुलाबाच्या पानांवर वाढणारी. राखाडी विभागातल्या तेव्हाच्या संशोधकांनी, म्हणजे डॉक्टरांनी, तेवीस वर्षांपूर्वी वेगळी काढली, अळी फक्त लिंबाच्या झाडाची पानं खाते असं लिहून. तिला त्यांनी नाव दिलं ते ताईंचं, मागे लॅटिनची शेपटी लावून. नाव छापून आलं त्याच महिन्यात डॉक्टर दूरच्या विद्यापीठात निघून गेले. आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस जाताना "खणांकडे लक्ष ठेवा" एवढंच म्हणाला. ताई लक्ष ठेवत राहिल्या. लग्नाचं विचारणाऱ्या आईला त्या "बघू" म्हणायच्या. आई गेली, बघायचं राहूनच गेलं.

आणि आता एकाच आईच्या या अळ्यांनी गुलाबही फस्त केला होता आणि लिंबूही. म्हणजे जात एकच. अशा वेळी जुनं नाव टिकतं, नवं रद्द होतं.

"जाऊ द्या ना, ताई," मॅडम म्हणाल्या. "हा एक सोडून देऊ खिडकीतून. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ताई हसल्या. पण त्या राखाडी जातीच्या खणाकडे निघाल्या. त्यांचं नाव जगात दोनच ठिकाणी लिहिलेलं होतं, हजेरीपुस्तकात आणि या जातीच्या नावात. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

ज्या एका पतंगावरून जातीला नाव मिळतं, त्या मूळ नमुन्याची टाचणी सहसा कुणी उपसत नाही. ताईंनीही तो इतकी वर्षं काचेतूनच पाहिला होता. नवी चिठ्ठी ओवण्यासाठी त्यांनी आज चिमट्यानं टाचणी उचलली. गाव, तारीख आणि नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या तिच्यात होत्याच. त्यांच्याखाली, खणाच्या तळाच्या बुचाला चिकटलेली, नखाएवढी आणखी एक निघाली. अक्षर डॉक्टरांचं होतं.

'गुलाब, लिंबू दोन्ही खाल्लं. आई तपकिरी. तीच जात.'

तारीख नाव छापून येण्याच्या सात महिने आधीची होती.

मॅडमनी भिंगातून दोनदा वाचलं. "म्हणजे त्यांना माहीत होतं? इतका काटेकोर माणूस, आणि जाणूनबुजून?"

"हो."

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना इतका आनंद झाला की काही सुचेना, आणि त्यापाठोपाठ भयंकर राग आला. स्वल्पविरामही न चुकवणाऱ्या माणसानं एवढी मोठी चूक जगासमोर छापून ठेवली, पण शेजारच्या टेबलाकडे वळून एक वाक्य त्याला बोलवलं नव्हतं.

"आता काय करायचं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"करायचं काय? खोडायचं."

त्यांनी नव्या चिठ्ठीवर लाल शाईनं जुन्या जातीचं नाव लिहिलं आणि ती टाचणीत ओवली. 

"नाव ज्यांनी दिलं त्यांना कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "आहेत ना ते?"

"आहेत. एकटेच राहतात म्हणे."

"मग मी मेल टाकते."

"नको," ताई म्हणाल्या. "मी लिहिते."

त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. 'माननीय डॉक्टरसाहेब' असं लिहिलं. मग ते खोडून त्यांनी खाली लिहिलं,

'अहो,'