वरच्या थरातलं गंधक

“मामा, गंधक! एवढं गंधक!” पोरगी नाचायचीच काय ती बाकी होती.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना मामाच म्हणत. बाटल्या धुणं, नमुने भरणं यातच त्यांचा उभा जन्म गेला. ही संशोधक पोरगी मात्र ‘मामा’ म्हणायची ते सख्ख्या भाचीसारखं. एका तळ्याच्या गाळावर ती प्रबंध लिहीत होती.

“नीट सांग बाई, आमच्या डोक्यात भुसा भरलाय.”

“गाळात हवा नसते ना, तिथले जिवाणू तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात. लोखंड असलं की ते त्यातलं गंधक आधी गट्टम करतं. लोखंड संपलं की उरलेलं गंधक मेलेल्या शेवाळाला चिकटतं. मग गाळाचा दगड झाला तरी सुटत नाही! सगळे म्हणतात, याला हजारो वर्षं लागतात. आणि माझ्या वरच्या थरात, अगदी कालपरवाच्या गाळात, ते दिसतंय. सर म्हणाले, प्रबंध झालाच समज! थांबा, चहा आणते.”

मामा हसले. मग त्यांची नजर मांडणीकडे गेली आणि ते उठून जवळ गेले. वरच्या थराच्या बाटल्यांना काळी बुचं होती. तो थर भरताना काचेची झाकणं संपली होती. नवी मागवायचा कंटाळा केला आणि ‘चालतंय की’ म्हणून मामांनी रबरी बुचं ठोकून दिली. रबरात गंधक घालतात, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? नव्या पोरांना तेच तर दटावून सांगायचे.

आता गुपचूप बदलली तर? कुणाच्या बापाला कळणार होतं! त्यांनी एक बूच उपटलंसुद्धा. मेल्या, पोरीच्या कष्टांची माती केलीस आणि वर चोरी करतोस? त्यांना स्वतःची शरम वाटली.

ती दोन कप घेऊन आली, तेव्हा बूच त्यांच्या हातातच होतं.

“बाळा, तुझं ते गंधक गाळातलं नाही. या रबरी बुचांतलं आहे. ती मीच लावली.”

ती बुचाकडे बघतच राहिली.

“पुन्हा आणू ना गाळ! मी येतो, मी उतरतो पाण्यात.”

“कुठून आणणार, मामा? तळं उपसलं. तळाचा सगळा गाळ यंत्रांनी खरवडून नेला.”

“ओरड ना गं माझ्यावर.”

ती ओरडली नाही. तिने त्यांचा कप त्यांच्यासमोर ठेवला. “बरं झालं आत्ताच सांगितलंत,” एवढंच म्हणाली. मग मांडणीवरच्या बाटल्या एकेक करून ट्रेमध्ये ठेवू लागली. मामा मदतीला पुढे झाले.

“राहू द्या, मामा. यापुढे बाटल्या मीच भरत जाईन.”

मामांनी फडकं घेतलं आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसत राहिले. चहा तसाच निवला.