न चिकटणारी पट्टी

भाजलेल्या जखमेवरची पट्टी काढताना कातडीही सोलून निघते. मॅडमनी ते धाकट्या बहिणीच्या हातावर पाहिलं होतं. बहिणीने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. पुढे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हाडाची काडं करून मॅडमनी जखमेला न चिकटणारी पट्टी बनवली.

आता कारखाना हवा होता. गुंतवणूकदारांपुढे त्या तीनदा जाऊन आल्या.

"बुडालं तर?" पहिला प्रश्न तोच. मग, "घरी मूल लहान आहे ना? कसं जमवणार?"

मॅडम पट्टीवर बोलत राहिल्या, समोरचे घड्याळाकडे बघत राहिले.

त्यांचा एक विद्यार्थी होता. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला उंट म्हणायचे. तो म्हणाला, "मॅडम, मी एकदा बोलून बघू?"

तो गेला. पट्टी तीच, आकडे तेच. संध्याकाळी उड्या मारतच परतला.

"झालं काम! विचारत होते, किती देशांत नेणार? मी दिलं ठोकून, वीस!" मग आवाज उतरला. "फक्त कंपनीचा प्रमुख मी असावा म्हणतात. तुम्ही सल्लागार."

"घरचं काही विचारलं?"

"घरचं? नाही."

"तुझं बाळ सहा महिन्यांचं आहे ना रे?"

उंट पुटपुटला, "ते... विषयच निघाला नाही."

बहीण फोनवर कडाडली, "ताई, सही करशील तर याद राख!"

"मग पट्टी कपाटात कुजू देऊ?" मॅडम म्हणाल्या. बहिणीने फोन आपटला. मॅडमनी सही केली.

वर्षभरात पट्टी दवाखान्यांत पोहोचली. समारंभात उंट व्यासपीठावरून गहिवरून म्हणाला, "मॅडम मला आईसारख्या!" ही आई त्याच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठी होती. टाळ्या पडल्या. मॅडमनीही वाजवल्या, तळहात चुरचुरेपर्यंत.

खाली उतरल्यावर तेव्हा घड्याळाकडे बघणाऱ्यांतलाच एक गुंतवणूकदार हसत पुढे आला. "काय मॅडम, आता नवीन काय शिजतंय प्रयोगशाळेत?"

शिजत होतं. भाजलेल्या जागी नवी कातडी आणणारं मलम उंदरांवर उत्तम चाललं होतं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पर्स उचलून चालू लागल्या. रस्त्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, हे मलम आता कुणाकडे न्यायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.