म्हणणं पहिल्या ओळीत

पासष्ट सालच्या लढाईत दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रविवारची सुट्टी मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. नीलकंठला तशी एक मिळाली आणि ती बायकोला सायकलवर बसवून खमरियाहून गढ्याला नेण्यात गेली. चढ आला की शरयू उतरून चालायची, चढ संपला की पुन्हा मागे बसायची. हातातला निबंध मात्र तिनं एकदाही त्याच्याकडे दिला नाही.

गढ्याला भानुमतीबाई राहायच्या. कॉलेजात मराठी शिकवायच्या. शरयूला त्यांच्या एम.ए.च्या वर्गात जायचं होतं, आणि बाईंची अट एकच : एका कवितेवर समीक्षेचा निबंध लिहून दाखव. जमला तर वर्ग, नाही तर पुढल्या साली बघू. पुढल्या सालापर्यंत सासूबाई थांबणार नव्हत्या. त्यांना नातू पाहिजे होता आणि ते त्या रोज जेवताना सांगायच्या.

कविता छोटी होती. एक बाई संध्याकाळी घरातली कामं करते आणि मधून मधून दाराची कडी लावते, काढते, पुन्हा लावते. नवरा बाहेर गेला आहे, एवढंच कळतं.

निघण्याआधी नीलकंठनं निबंध वाचला होता. "एक नंबर," तो म्हणाला होता, "कोणाला काही पत्ताच लागत नाही."

फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये ही तारीफच होती. आत काय बनतं ते तिथं कोणी कोणाला सांगत नसे. लढाई सुरू झाल्यापासून तर "आज काय केलं?" असं बायकोनं विचारलं तरी "ड्यूटी" एवढंच उत्तर मिळे. शरयूचे वडीलही फॅक्टरीतलेच. भरपूर बोलायचं आणि मुद्द्याचं सांगायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेलं.

बाईंनी निबंध वाचून चष्मा काढला.

"वृत्त सांगितलंस, संध्याकाळ सांगितलीस, शब्द किती गोड तेही सांगितलंस. तुझं म्हणणं काय आहे?"

"कशाबद्दल, बाई?"

"कवितेबद्दल! सगळी वरात आली शरयू, नवरदेव कुठंय?"

शरयूचा चेहरा पडला. नीलकंठला राहवलं नाही. "बाई, ती नवऱ्याची वाट पाहून राहिली ना? विरह आहे तो."

"वाट कुठं पाहून राहिली?" शरयू एकदम त्याच्यावर उसळली. "रागावली आहे ती!"

"कशावरून?" बाईंनी लगेच धरलं.

"मी लावते ना कडी तशी. हे येतात, ड्यूटी म्हणतात, ताटावर बसतात. मग मी अशी कडी लावते की..."

"ती ढिली आहे म्हणून वाजते," नीलकंठ म्हणाला.

"ढिली नाही."

"अच्छा," बाई म्हणाल्या, "पण हा तुमच्या घरचा पुरावा झाला. मला कवितेतला पाहिजे."

शरयूनं कविता पुढे ओढली. "आधी ती कडी 'लावते'. मग 'सरकवते'. शेवटी 'आपटते'. वाट पाहणारी बाई कडी आपटेल काहून?"

"हे निबंधात कुठं आहे?"

"नाही."

"का नाही?"

शरयू हळूच म्हणाली, "असं उघड कसं लिहायचं?"

"उघडच लिहायचं. पहिल्या ओळीत. मग कवितेतला शब्द दाखव, आणि त्या शब्दातून तुझं म्हणणं कसं निघतं ते सांग. नुसता शब्द टाकून पळायचं नाही. आणि ती शेवटी नवऱ्याचं ताट झाकून ठेवते, त्याचं काय? ते तुझ्या विरुद्ध जातं. तेही लपवू नको. तूच काढ आणि तूच उत्तर दे. बस ओसरीवर, आत्ताच लिही."

शरयू लिहायला बसली. नीलकंठनं बाईंच्या घरचा चहा दोनदा घेतला. ताटापाशी तिचं पेन अडलं. ती कविता पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग मान वर न करता भराभर लिहीत सुटली.

बाईंनी नवा निबंध मोठ्यानं वाचला. "ही बाई वाट पाहत नाही, ती रागावली आहे." पुढे तिन्ही क्रियापदं, एकेक करून. मग ताट : कवितेत ताट एकच आहे, म्हणजे ती जेवून मोकळी झाली आहे, वाट पाहणारी उपाशी राहिली असती. शेवटी, राग धरला तर कवितेतलं शांत घर शांत उरत नाही, एवढं सांगून निबंध संपला होता.

"मला पटलं नाही," बाई म्हणाल्या. "राग असला तरी ती वाट पाहतेच. उद्यापासून वर्गाला ये."

रस्त्यावर येताच नीलकंठनं विचारलं, "पटलं नाही म्हणतात, आणि वर्गात घेतात?"

"आता रोज जाऊन पटवायचं."

त्यानं सायकलवर टांग मारली नाही. हातात धरून तिच्या बरोबर चालू लागला. पहिल्या चढावर म्हणाला, "मला पटलं, ती रागावली आहे. पण काहून रागावली, ते लिहिलं नाहीस."

"ते कवितेत नाही," शरयू म्हणाली. "घरी चला, सांगते."