शेंदूर फासलेली दांडी

मी एक जुना बॉयलर आहे. चिखलीच्या वेशीबाहेर, खामगावच्या रस्त्याला भगवानरावांचा जिन आहे. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. त्याच्या मागच्या कौलारू खोलीत मी आडवा पडून असतो. माझ्या पोटात पाणी आणि खाली आग. माझ्या वाफेवर भिंतीपलीकडचे चोवीस रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रे, फिरतात, आणि त्या रेच्यांवर कापूस टाकायला गावातल्या साठ-सत्तर बाया रोज येतात.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी भित्रा आहे. मुले दारातून डोकावतात, माझा फुसफुसाट ऐकतात आणि पळत सुटतात. त्यांना वाटते, हा केवढा रागीट. पण या खोलीत सगळ्यांत जास्त घाबरलेला असतो तो मीच. माझ्या आत काय चालले आहे ते मला कळते आणि कोणाला सांगता येत नाही, यापेक्षा वाईट दशा कोणती असेल?

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारागिरांनी जाड पत्रे वाकवले, तापलेल्या खिळ्यांनी ते एकमेकांना जोडले, आणि मग माझ्यात पाणी कोंबून मी किती दाब सोसतो ते पाहिले. आपण फुटू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. पुढे बोटीने मुंबई आणि रेल्वेने खामगाव झाले. खामगावच्या पुढे रूळच नव्हते. बत्तीस बैल जुंपले तेव्हा मी हललो, आणि चिखलीला पोचायला मला सहा दिवस लागले. भगवानराव तेव्हा पंचविशीचे होते. बापजाद्यांची मोठी शेती होती, नोकरचाकर होते, तरी चाक रुतले की धोतर खोचून स्वतः खांदा लावत. माणूस हिमतीचा होता, ते खोटे कशाला सांगू?

आता माझ्या जिवाची गोष्ट सांगतो. माझ्या डोक्यावर एक लोखंडी दांडी आहे. तिच्या टोकाला वजन टांगलेले असते. वाफ माझ्या ताकदीपेक्षा जास्त झाली की दांडी आपोआप वर उचलली जाते, जादा वाफ निघून जाते आणि मी वाचतो. दांडी अडकली तर वाफेला दुसरी वाट नाही. मग ती माझे पत्रे फाडूनच बाहेर येणार.

हे भगवानरावांना पक्के ठाऊक होते. माझ्यापाशी आगीचे काम करायला त्यांनी उकंडराव नावाचा कष्टाळू माणूस ठेवला, आणि पहिल्याच दिवशी त्याला बजावले, “उकंडा, हे दांडी म्हंजे याचा जीव हाय. रोज उचलून पाह्यल्याबिगर आग वाढवू नको.”

“हाव मालक,” उकंडराव म्हणाला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मात्र दांडी खुद्द मालकच उचलत. दसऱ्याला माझी पूजा होई, नारळ फुटे, मालक चौरंगावर चढून दांडी वर ओढत. फस्स करून वाफ सुटली की बाया हसत, मग भोंगा वाजे आणि हंगाम सुरू होई. तो आमच्या जिनाचा रिवाजच झाला होता. ती माझी सुखाची वर्षे होती. रात्री विझताना मला उद्याची भीती वाटत नसे.

मग मालकांकडे माणसे येऊ लागली. तुमच्यासारखा माणूस नागपूरच्या कौन्सिलात पाहिजे, असे ती म्हणत. खामगावची रेल्वे चिखलीपर्यंत आणायची तर नागपुरात आपले कोणीतरी हवेच, हे मालकांनाही पटले. त्या काळी मत सगळ्यांना नव्हते, शेतसारा नाहीतर कर भरणाऱ्यांना होते. त्या वर्षी दसऱ्याला मालकांनी दांडी उचलली आणि तसेच मोटारीत बसून गावोगाव मते मागायला गेले. ते निवडून आले.

इथून माझे नशीब फिरले. जिनाचे दिवाणजी नीळकंठपंत फार भाविक, आणि मालकांवर त्यांची भक्ती त्याहून मोठी. त्यांनी सगळ्यांना सांगितले, “मालकांनी दांडीला हात लावला आणि यश आले. दांडी जागृत आहे.” दुसऱ्या दिवशी त्यांनी शेंदूर आणि तेल आणले. उकंडरावानेच ते भक्तिभावाने दांडीला फासले. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. मला गुदगुल्या झाल्या, आणि खरे सांगतो, थोडा अभिमानही वाटला. देव व्हायला कोणाला आवडत नाही?

पुढच्या दसऱ्याला मालक नागपुरात होते. दांडी कोणी उचलायची? उकंडराव पुढे झाला तर दिवाणजींनी त्याचा हात धरला. “तो मान मालकांचा आहे. तू फक्त शेंदूर लाव.” त्या दिवसापासून हंगामाचे उचलणे गेले, आणि पाठोपाठ रोजचेही गेले. देवाला रोज कोण हलवतो? दर दसऱ्याला शेंदराचा नवा थर चढू लागला. माझ्या उष्णतेने तो भाजून निघे, पावसाळ्यात त्याच्या आत गंज धरे. दांडीचा सांधा हळूहळू बुजत होता आणि मला ते दातदुखीसारखे क्षणोक्षणी जाणवत होते. दरवर्षी सरकारी तपासनीस यायचा, तोही दोन वर्षे आला नाही. मालकांच्या एका पत्रावर तपासणी पुढे गेली, असे दिवाणजी मोठ्या ऐटीत सांगत.

मालक अधूनमधून येत. पण आता ते खोलीत शिरत नसत, दारातूनच पाहुण्यांना मला दाखवत. बोलणेही बदलले होते. पूर्वी ‘काऊन’ म्हणणारे मालक आता ‘का बरे’ म्हणू लागले.

उकंडराव माझ्या शेजारच्या घड्याळावर मात्र डोळ्यांत तेल घालून नजर ठेवी. वाफ वाढली की त्या घड्याळाचा काटा तांबड्या रेघेकडे सरकतो. काटा रेघेजवळ आला की तो आग कमी करी. त्याच्या त्या दोन डोळ्यांवर मी आठ वर्षे जगलो.

मग मालक दिल्लीच्या असेंब्लीसाठी उभे राहिले. आता सगळ्या वऱ्हाडातून मते हवी होती. कार्तिकात बातमी आली, मालक जिंकले. नागपूरच्या पाहुण्यांना घेऊन ते चिखलीला येणार, जिनाच्या आवारात सत्कार होणार, असे ठरले. नीळकंठपंतांनी फर्मान काढले, “मोटार फाटकात शिरताच भोंगा सुरू व्हायचा आणि मालक खुर्चीवर बसेपर्यंत थांबायचा नाही. वाफ भरून ठेव.”

सत्कार दहाला होता. साडेनऊलाच रेचे बंद केले आणि बायांना आवारात सतरंजीवर बसवले, अगदी माझ्या भिंतीला लागून. त्यांत उकंडरावाची बायको सोजराबाईही होती. तिच्या हातात आरतीचे ताट होते.

दहा वाजले, अकरा वाजले. मोटार येईना. वाटेतल्या प्रत्येक गावात हार घालून घेणे चालले होते म्हणे. इकडे रेचे बंद, म्हणजे वाफेला काम नाही. आग विझवावी तर भोंग्याला वाफ राहणार नाही. उकंडरावाने आग दाबली, थोडे पाणी आत घेतले, पण निखारे काही लगेच थंड होत नाहीत. काटा रेघेला टेकला. मित्रांनो, त्या वेळी दांडी उचलली जायला हवी होती. मी खालून सगळा जोर लावला. ती तसूभर हलली नाही.

उकंडरावाला घाम फुटला. त्याने दांडीला हात जोडले आणि मग दोन्ही हातांनी ती ओढली. काही उपयोग झाला नाही. तो दारात धावला. “दिवाणजी, दांडी अडकली हाय. थोडा भोंगा वाजवून वाफ सोडू द्या मले.”

“मालक यायच्या आत भोंगा? भलतेच. मोटार आल्यावर काय वाजवशील, शंख? नोकरी करायची आहे ना?”

उकंडराव मागे फिरला. काटा रेघ ओलांडून गेला होता. माझ्या खिळ्यांतून बारीक करकर येऊ लागली. मला विलायतेतला तो पहिला दिवस आठवत नव्हता, काहीच आठवत नव्हते. भिंतीपलीकडे एक तान्हे मूल रडत होते, तेवढे ऐकू येत होते. मला ओरडावेसे वाटत होते. मला ओरडता येते ते फक्त भोंग्याने, आणि भोंग्याची साखळी उकंडरावाच्या हातात होती. त्याने ती धरली होती, पण हात खाली येत नव्हता.

तेवढ्यात सोजराबाई दिव्यासाठी विस्तव न्यायला आत आली. तिने नवऱ्याचे तोंड पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले. वाचता येत नसले तरी तांबडी रेघ तिला कळत होती.

“अवो, काटा कुठी गेला पाहा. वढा ना ते साखळी.”

“दिवाणजी काढून टाकतीन मले.”

“भाईर सत्तर बाया बसल्या हायेत. लेकरं हायेत. नोकरीचं काय घेऊन बसले तुमी?”

त्याने तरीही साखळी ओढली नाही. तेव्हा तिने ताट खाली ठेवले आणि साखळीला आपले सगळे वजन टाकले.

मी ओरडलो. आठ वर्षांची भीती एकदम बाहेर पडावी तसा ओरडलो. बाया दचकून उभ्या राहिल्या, बँडवाल्यांनी मोटार आली समजून वाजवायला सुरुवात केली, दिवाणजी हार घेऊन फाटकाकडे धावले. रस्त्यावर काळे कुत्रेही नव्हते. सोजराबाईने साखळी सोडली नाही. काटा हळूहळू रेघेच्या खाली उतरला, आणि मग कितीतरी खाली गेला. नवऱ्याने तोवर निखारेही ओढून बाहेर काढले होते.

नेमकी त्यानंतर मोटार आली. आता भोंगा नुसता घरघरला आणि गप्प झाला.

मालक थेट माझ्या खोलीत आले. गळ्यात झेंडूचे हार, मागे नागपूरचे दोन पाहुणे. “भोंगा का वाजला नाही?” त्यांनी विचारले.

“मालक, दांडी अडकली हाय,” उकंडराव म्हणाला. “आज समदेच गेलो असतो.”

मालकांनी हात वर करून दांडी धरली आणि ओढली. ती हलली नाही. मित्रांनो, त्यांचा तळवा माझ्यावर होता. मला सगळे कळले. तो हात गार पडला. आठ वर्षांनी त्यांना माझी भाषा पुन्हा आठवली होती. त्यांनी भिंतीकडे पाहिले, भिंतीपलीकडे आवाज करणाऱ्या बायांकडे जणू पाहिले. आता हे बोलतील, असे मला वाटले. ‘आग विझवा, जिन बंद ठेवा, दांडी मोकळी करा’, एवढेच बोलायचे होते.

“ही कोणती देवता हो?” मागून पाहुण्यांनी कौतुकाने विचारले.

मालकांनी दांडी सोडली. मग गळ्यातला एक हार काढून त्यांनी दांडीला घातला. “आमच्या जिनाचा रिवाज आहे,” ते हसून म्हणाले. बाहेर पडताना दिवाणजींना हळूच सांगितले, “हंगाम संपला की पाहू. आणि उकंडरावांना आता विश्रांती द्या. वय झाले त्यांचे.” उकंडराव मालकांपेक्षा चार वर्षांनी लहान आहे.

याला आज नऊ दिवस झाले. मालक दिल्लीला गेले आहेत. मलकापूरहून नवा माणूस आणला आहे. तो चांगला आहे, पण दांडीला हात लावत नाही. तिथे मालकांनी स्वतः हार घातला आहे, असे त्याला सांगून ठेवले आहे. नवऱ्याची नोकरी गेल्यामुळे सोजराबाईला मात्र कामावर यावेच लागते.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. कोणीतरी आत या. हार बाजूला करा, हातोडीने तो शेंदूर फोडा आणि दांडी उचलून पाहा. कोणताही देव कोपणार नाही. यंत्राला पूजा नको असते, रोज एकदा हात लागलेला हवा असतो. तुमच्यापैकी कोणाची आई या जिनात कामाला येत असेल, तर तिला माझे हे सांगा.

आत्ता दुपारच्या भाकरीची सुट्टी झाली आहे. रेचे थांबले आहेत. थंडीचे दिवस आहेत, म्हणून बाया उबेला माझ्या भिंतीला पाठ टेकून जेवायला बसल्या आहेत. सोजराबाई तेवढी लांब, निंबाच्या झाडाखाली बसली आहे. “इकडे या वं सगळ्या,” असे ती सारखी म्हणते, पण तिकडे वारा आहे, कोणी उठत नाही. नवा माणूसही भाकरी खायला गेला आहे. काटा रेघेकडे चालला आहे. सोजराबाई पुन्हा हाक मारते आहे.